फाइल तुम्हीच पाठवली ना?

अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडू नका, हा सल्ला बँकेच्या एसएमएसपासून पोलिसांच्या फलकापर्यंत सगळीकडे वाचायला मिळतो. सल्ला बरोबर आहे. पण पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवायचं तर तो पाळून भागत नाही. अनोळखी माणसांच्या फायली उघडणं हाच माझा धंदा आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहतं, "ताई, मेल केलाय, दोन प्रती काढा" म्हणतं, आणि त्याच्यामागे आणखी चारजण ताटकळत असतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात फाइल उघडायची की नाही हे ठरवायचं असतं. इतक्या वर्षांत मी जे शिकले, ते सगळं या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

आमच्या कामाला हंगाम असतात. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, म्हणून उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले. जुलैत पीकविमा. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची धावपळ सुरू होते. मुकादमाच्या याद्या, उचलीचे करारनामे, आधारच्या प्रती, पोरांच्या शाळेची कागदं. नवरात्रात मोहटादेवीची यात्रा, होळीनंतर मढीला कानिफनाथांची, तेव्हा फ्लेक्स आणि पावतीपुस्तकं. उन्हाळ्यात लग्नपत्रिका. टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात गेल्या तरी काम थांबत नाही. उसाच्या फडातून फोन येतो, "ताई, पोराचा दाखला मेलवर टाका."

म्हणजे माझ्या एका मेलच्या खात्यातून आणि एका हार्डडिस्कवरून तालुक्यातल्या कितीतरी घरांची आधारकार्डं, पासबुकं, सातबारे येऊन जातात. माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर नुकसान माझ्या एकटीचं होणार नाही. लोकांचे कागद चोरांच्या हाती लागतील, आणि माझ्याच मेलवरून पुढच्या शंभर ठिकाणी तो रोग जाईल. ही गोष्ट मनात पक्की बसली तेव्हापासून फाइल तपासणं हे माझ्या लेखी कॉम्प्युटरचं काम राहिलं नाही. लोकांनी विश्वासाने दिलेला कागद सांभाळण्याचाच तो एक भाग झाला.

सुरुवातीच्या काळात मेल कमी आणि पेनड्राइव्ह जास्त असायचे. शॉर्टकट व्हायरसने तेव्हा उच्छाद मांडला होता. पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी हुबेहूब फोल्डरसारखेच दिसणारे शॉर्टकट दिसायचे. फरक एवढाच, की चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असायचा. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेले असत आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की तोच चालू होई. कॉलेजचा एखादा पोरगा "प्रोजेक्ट उडाला" म्हणून रडकुंडीला यायचा. काळ्या खिडकीत ॲट्रिबची कमांड दिली की लपलेले फोल्डर पुन्हा दिसू लागत. पहिला धडा तिथेच मिळाला. फाइलचं जे चित्र दिसतं त्यावर जाऊ नये, कारण चित्र कुणालाही कसलंही लावता येतं.

मेलमध्ये हीच फसवणूक नावाच्या आधाराने चालते. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस जगभर पसरला तो असाच. जोडलेल्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं होतं. विंडोज नावातला शेवटचा तुकडा दाखवत नव्हतं, म्हणून लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात ती चालणारी स्क्रिप्ट होती आणि उघडताक्षणी ती पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवत होती. इतकी वर्षं लोटली तरी नव्या विंडोजमध्ये ओळखीच्या फायलींचा तो शेवटचा तुकडा आपोआप लपलेलाच असतो. म्हणून दुकानात नवा कॉम्प्युटर आला की प्रिंटर जोडण्याआधी मी फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करते. मग 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून मिरवणारी फाइल 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आहे हे लगेच उघडं पडतं.

याहून चलाख प्रकारही आहे. उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये एक अदृश्य चिन्ह असतं. ते नावाच्या मध्ये घातलं की पुढची अक्षरं उलटी दिसतात. खरं नाव 'ईएक्सई'ने संपत असतं, डोळ्यांना मात्र शेवटी 'पीडीएफ' दिसतं. अशा वेळी नावाऐवजी शेजारचा 'टाइप'चा रकाना वाचायचा. तिथे 'ॲप्लिकेशन' असं लिहिलेलं असेल, तर तो कागद नव्हे.

हे सगळं शिकता येतं आणि शिकवताही येतं. अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो मला एका ओळखीच्या मेलने दाखवला.

खत-बियाण्यांचे एक दुकानदार आहेत. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बिलबुकाचा मजकूर ते नेहमी मेलवर पाठवायचे, रोमन अक्षरांतल्या मराठीत, सुरुवात हमखास 'ताई' अशी. एका दुपारी त्यांच्याच पत्त्यावरून मेल आला. विषय आमच्या आधीच्या बिलबुकाचा, खाली मी त्यांना लिहिलेलं जुनं उत्तर जसंच्या तसं. फक्त वरती इंग्रजीत एक ओळ होती, सोबत एक झिप फाइल आणि ती उघडायचा पासवर्डही त्याच मेलमध्ये. पत्ता ओळखीचा, विषय ओळखीचा, संभाषणही आमचंच. मला खटकली ती भाषा आणि तो पासवर्ड. झिपला पासवर्ड असला की मेलवाल्यांच्या तपासणीला आत डोकावता येत नाही. आणि कुलूप लावून किल्ली त्याच मेलमध्ये द्यायची असेल, तर ते कुलूप माझ्यासाठी नसून त्या तपासणीसाठी आहे हे उघड होतं.

मी फोन लावला. "तात्या, आत्ता मला काही फाइल पाठवली का?"

"नाही बा. मी शेवगावला आलोय, सोयरिकीच्या कामाला."

त्यांच्या मेलचा पासवर्ड कुणीतरी मिळवला होता आणि त्यांचा जुना पत्रव्यवहार वापरून ओळखीच्या प्रत्येकाला फाइल जात होती. संध्याकाळी तात्या दुकानात आले, पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी चालू केली आणि बसल्याबसल्या सगळ्यांना फोन केले. इमोटेट नावाच्या कुप्रसिद्ध मालवेअरने हीच युक्ती जगभर वापरली होती. जानेवारी २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झालं. दुसऱ्याच्या ओळखीवर स्वार होऊन शिरणं इतकं फायद्याचं आहे.

त्या दिवसापासून माझा नियम बदलला. तोवर मी ओळखीचा आणि अनोळखी असे मेलचे दोन भाग करत होते. आता मी माणूस आणि फाइल असे दोन भाग करते. तात्यांवर माझा पुरता विश्वास आहे. त्यांच्या नावाने आलेल्या फाइलवर तो आपोआप बसत नाही.

हा फरक न केल्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर पेमेंटच्या नावाने एक वर्डची फाइल आली. उघडल्यावर वर पिवळी पट्टी आली, 'एनेबल कंटेंट'. फाइलमध्येच लिहिलं होतं, की मजकूर नीट दिसण्यासाठी ते बटण दाबा. बटण दाबलं आणि आतला मॅक्रो चालू झाला. सकाळच्या संकलनाला कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे विचित्र अक्षरं लागलेली, आणि खंडणी मागणारी एक इंग्रजी चिठ्ठी. बॅकअप होता, पण ज्या डिस्कवर होता ती कॉम्प्युटरला जोडलेलीच होती. तीही गेली.

आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. सात-आठ दिवसांचा हिशेब त्या कॉम्प्युटरमध्ये अडकला होता आणि त्यावर कितीतरी घरांचा किराणा अवलंबून होता. केंद्राच्या मालकांनी खंडणी दिली नाही. त्यांनी शेतकऱ्यांना संकलनाच्या पावत्या आणायला सांगितल्या. दोन दिवस लोक पावत्या घेऊन येत होते आणि आम्ही त्या नव्याने टाइप करत होतो. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. कुणी रबर लावून गठ्ठा आणला, कुणी खिळ्याला टोचलेल्या तशाच उपसून आणल्या. एका आजींनी डाळीच्या डब्यातून काढल्या. त्या कागदाची छपाई उन्हाने उडते. काही पावत्या खिडकीशी नेऊन, तिरक्या धरून वाचाव्या लागल्या. ज्यांच्या पावत्या सापडल्या नाहीत त्यांच्या तोंडी आकड्यावर मालकांनी बिल काढलं. कुणी वाढवून सांगितलं नाही, असं ते आजही अभिमानाने सांगतात, आणि माझाही त्यावर विश्वास आहे. माणसांचा शब्द टिकला. त्यांच्यापैकी एकाच्याही नावाशी संबंध नसलेल्या एका फाइलने मात्र सगळ्यांचा घाम काढला.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फायलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्या पिवळ्या पट्टीचा धोका कमी झाला. मग चोर आयएसओ, एलएनके आणि एचटीएमएल अशा फायलींकडे वळले. एचटीएमएलची फाइल तर बऱ्याचदा व्हायरससुद्धा नसते. उघडली की बँकेचं किंवा मेलचं लॉगिन वाटावं असं पान दिसतं आणि आपण आपल्या हाताने पासवर्ड भरतो. दाखला, बिल, नोटीस यांपैकी काहीही एचटीएमएलमध्ये जोडून आलं, तर मी ते उघडत नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागते.

विश्वासाची वाट मेलचीच असते असंही नाही. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क समूहातली कंपनी चालवत होती आणि नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात त्या समूहाचे जगभरातले कॉम्प्युटर बसले होते. आमच्या भागातला कांदा त्याच बंदरातून परदेशी जातो, म्हणून त्या बातमीची चर्चा बाजार समितीतही झाली. तो हल्ला मेलच्या फाइलमधून पसरला नव्हता. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधून तो शिरला. म्हणजे तिथेही आधी एक भरवशाचं नावच चोरलं गेलं होतं.

आता माझी रोजची रीत सांगते. लग्नसराईत एकदा नवरदेवाच्या भावाने पत्रिकेचा मजकूर मेल केला आणि त्याचा फॉन्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. मजकूर मी जीमेलमध्येच प्रिव्ह्यूला पाहिला. असं पाहिलं की फाइल गूगलच्या सर्व्हरवर उघडते, माझ्या कॉम्प्युटरवर नाही. तेवढ्याने निम्मी कामं डाउनलोड न करताच होतात. मजकूर ठीक होता. फॉन्टच्या नावाने आलेली फाइल मात्र ईएक्सई होती. फॉन्ट असतो टीटीएफ किंवा ओटीएफ. त्याला स्वतः चालणाऱ्या प्रोग्रामची गरज नसते. मी विचारलं, "भाऊ, मजकूर मेलवर आणि फॉन्ट व्हॉट्सॲपवर, असं का?" तो म्हणाला, "जीमेल घेतच नव्हतं, ताई." जीमेल ईएक्सई फायली जाऊ देत नाही. एका दाराने नाकारलेली वस्तू दुसऱ्या दाराने येते, तेव्हा त्या नकाराचं कारण आधी शोधावं.

त्या फाइलवर डबल क्लिक न करता मी सेव्हन-झिपच्या मेन्यूतून तिचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा. मजकुरात एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. तो व्हायरसटोटलवर टाकला. ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे, आणि एका फाइलबद्दल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसचं मत एकदम दाखवते. पानभर लाल खुणा आल्या. त्या भावाने फुकट फॉन्टच्या कुठल्याशा साइटवरून फाइल घेतली होती आणि स्वतःच्या लॅपटॉपवर चालवलीही होती. पत्रिका आम्ही युनिकोडमध्ये मजकूर घेऊन वेळेत छापली. त्याचा लॅपटॉप मात्र पुसून नव्याने भरावा लागला.

इथे एक गोष्ट माझ्यासारख्या दुकानदारांना कळकळीने सांगावीशी वाटते. व्हायरसटोटलवर फाइल चढवली की ती तिथल्या सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. म्हणून गिऱ्हाइकाचं आधार, पासबुक, वैद्यकीय कागद तिथे चढवू नका. फक्त हॅश शोधा. हॅशमधून कागदावरचा मजकूर कुणाला वाचता येत नाही.

अँटिव्हायरस हवाच. दुकानातल्या पहिल्या कॉम्प्युटरपासून माझ्याकडे क्विक हील आहे. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत उतरलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ही कंपनी पुण्यात उभी केली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावरून एवढी मोठी गोष्ट निघते, याचा माझ्यासारखीला फार आधार वाटतो. पण कुठल्याही अँटिव्हायरसला नवा व्हायरस ओळखायला थोडा वेळ लागतोच. सकाळी निर्धोक ठरलेली फाइल दुसऱ्या दिवशी लाल झालेली मी पाहिली आहे. म्हणून शंका आलेल्या फाइलची घाई नसेल तर मी ती एक दिवस तशीच ठेवते आणि पुन्हा तपासते. घाई असेल तर एका कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर आहे, लिनक्स टाकलेला, नेटला न जोडलेला, कुणाचेही कागद नसलेला. फाइल तिथे उघडते.

तरीही सगळ्यात भरवशाची तपासणी फोनची आहे, आणि आमच्याकडे तीच करायला लोक कचरतात. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. "ही फाइल तुम्हीच पाठवली ना?" असं सरांना किंवा एखाद्या ज्येष्ठ मुकादमाला विचारलं की त्यांना वाटतं, आपल्यावरच संशय घेतला. सुरुवातीला काहीजण दुखावले. "आता आमचीही झडती घेणार का?" असं एका काकांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. मग मी बोलण्याची पद्धत बदलली. "काका, तुमच्या नावाने दुसरंच कुणी काही पाठवत असेल तर तुम्हाला कळायला हवं, म्हणून विचारते," असं म्हणते. यात खोटं काही नाही. मी खरंच त्यांच्या बाजूने विचारत असते. आता तेच काका मेल पाठवून आधी फोन करतात. एक पथ्य मात्र पाळते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधी फोन लावत नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्याच नंबरवर लावते.

हल्ली मेलपेक्षा व्हॉट्सॲपवरून जास्त धोका येतो. एक शेतकरी मामा मोबाइल घेऊन आले, "पीएम किसानची यादी आलीय, प्रिंट द्या." फाइल एपीके होती, म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यावर येतात. त्यासाठी व्हॉट्सॲपवरून ॲप घेण्याचं काहीच कारण नाही. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग बँकेचा ओटीपी चोराला आपोआप मिळतो. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलन अशा नावांनीही या फायली फिरतात. मामा म्हणाले, "पण ही माझ्या भाच्याने पाठवलीय." भाच्याला फोन लावला. त्याने सकाळीच ते ॲप घेतलं होतं आणि त्याच्या फोनवरून ते स्वतःच सगळ्यांना जात होतं. त्याला फोनचं नेट बंद करायला सांगितलं, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवायला लावलं. खातं वेळेत गोठवता आलं. अशा फसवणुकीत पहिला तासच महत्त्वाचा असतो. लाजेने गप्प बसण्यात तो जातो.

दुकानात कामाला येणाऱ्या मुलींना मी आधी टायपिंग शिकवत नाही. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचणं, फाइलच्या नावाचा शेवट बघणं आणि काउंटरवरच्या गर्दीला न घाबरता "दोन मिनिटं थांबा" म्हणणं, एवढं आधी शिकवते. शेवटचं सगळ्यात अवघड जातं, कारण फसवणाऱ्याला आपली घाईच हवी असते. आज शेवटची तारीख, आत्ता भरा, नाहीतर दंड, अशा शब्दांचा मेल जितका तातडीचा, तितकं सावकाश वागायचं. आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या फायली त्याच्यासमोर पुसून टाकायच्या. जे जवळ ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

दूध केंद्रं, पतसंस्था, ग्रामपंचायती, शाळा यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात असं मला मनापासून वाटतं. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मेल उघडू नये. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यातला हिशेब परत उघडतो का हे पाहावं. आणि ज्यांच्याकडून फायली येतात त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवावेत. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. आणि तुमच्या नावाने आलेल्या फाइलबद्दल कुणी फोन करून विचारलं, तर राग मानू नका. तो माणूस त्याचा कॉम्प्युटर जपतोच आहे, पण त्याच्याआधी तुमचं नाव जपतो आहे.